क्लीनर साइडचा आरसा

भेस्तान, सुरत
बुधवार, दुपार

प्रिय निंबा,

‘आरसामा तू दखाई नही ते मी थांबी जासू,’ असं तुम्ही मला पहिल्या दिवशी सांगितलं होतं. मयुरी तेव्हा पहिलीत होती, आणि तुमचा क्लीनर होळीला गावी गेला तो परत आलाच नव्हता. ट्रेलर कापडाच्या गोदामाला मागून लावायचा होता आणि मागे उभं राहायला माणूस नव्हतं. मी तुमचा डबा घेऊन आले होते. तुम्ही डबा घेतला, केबिनमध्ये ठेवला आणि मला नेऊन मागच्या चाकांच्या पलीकडे उभं केलं. मला काही येत नाही, चुकलं तर काय करू, असं मी विचारलं तेव्हा तुम्ही ते वाक्य बोललात. आरशात तू दिसली नाहीस तर मी थांबेन. मला एकदम हायसं वाटलं. म्हणजे चुकलं तरी चालणार होतं, फक्त तुम्हाला दिसत राहायचं होतं. आपल्या लग्नात भटजींनी काय काय म्हणायला लावलं ते तुम्हालाही कळलं नव्हतं आणि मलाही. हे मात्र कळलं. पुढची सगळी वर्षं मी त्या एका वाक्याच्या भरवशावर गाडीच्या मागे उभी राहिले.

तुम्ही आत्ता कच्छात, मुंद्रा बंदराच्या पार्किंगमध्ये नंबर लागायची वाट बघत असाल. माझा फोन उचलत नाही. मयुरीचा उचलता आणि ‘जेवलो, बरा शे’ एवढं बोलून ठेवून देता. म्हणून हे पत्र. अक्षर मोठं काढलंय आणि कागदाच्या दोन्ही कडांना भरपूर जागा सोडलीय. समोरचं तुम्हाला अजून स्वच्छ दिसतं, हे मला माहीत आहे. कडेचं दिसत नाही, हेही माहीत आहे. एवढं वाक्य मी तोंडाने बोलायला गेले तर तुम्ही उठून जाल. कागद ठेवून तुम्ही उठलात तरी तो तिथेच राहील, आणि तुमचा राग उतरल्यावर पुन्हा हातात घेता येईल.

आपल्याकडे पाहुणे आले की मला नेहमी विचारायचे, एवढ्या मोठ्या गाडीवर बाई काय करते? मग मी हौसेने सांगत बसायचे. पुढचं इंजिनाचं धड म्हणजे घोडा, मागचा लांबलचक तो ट्रेलर. घोडा सोडून गेला की ट्रेलर आपल्या दोन लोखंडी पायांवर उभा राहतो. घोड्याच्या पाठीवर ग्रीस माखलेलं एक ताट असतं, त्याला खाच असते, आणि ट्रेलरच्या पोटाखाली एक जाड पिन असते. घोडा मागे घेत घेत ती पिन त्या खाचेत बसवायची. इंग्रजीत त्या ताटाला फिफ्थ व्हील म्हणतात, म्हणून मयुरी शाळेत सगळ्यांना सांगायची की आमच्या पप्पांच्या गाडीला एक चाक असं आहे की जे रस्त्याला कधी लागतच नाही. तुम्ही केबिनमध्ये आणि मी खाली वाकलेली. खट्ट आवाज आला की तुम्ही घोडा हलकेच पुढे ओढून बघायचात. सुटला नाही की मी बॅटरी मारून आत डोकावायची, जबडा नीट मिटलाय का ते बघायची आणि ट्रेलरच्या अंगावर हाताने थाप द्यायची. मग हवेचे पाइप, लाइटची वायर, आणि शेवटी हँडल फिरवून ट्रेलरचे पाय वर. माझी थाप ऐकल्याशिवाय तुम्ही कधी गाडी हलवली नाही. पाहुण्यांना हे सांगताना मला आपल्या संसाराबद्दल बोलल्यासारखं वाटायचं, ते त्यांना कुठून कळणार.

मागे घ्यायला शिकताना मात्र मी तुमचा जीव खाल्ला. शेपूट डावीकडे न्यायचं तर स्टिअरिंग उजवीकडे, हे माझ्या डोक्यात शिरेना. माझं डावं आरशात तुमचं उजवं व्हायचं. शेवटी तुम्हीच म्हणालात, डावं-उजवं सोड, जे दिसतं ते सांग. तेव्हापासून आपलं ‘भिंतीकडे घ्या’, ‘लिंबाकडे घ्या’, ‘टपरीकडे घ्या’ सुरू झालं. एकदा मी ‘कुत्र्याकडे घ्या’ म्हटलं आणि ते कुत्रं उठून चालू पडलं. तुम्ही खिडकीतून डोकं काढून विचारलंत, आता कुत्र्यामागे जाऊ का इथेच थांबू? मी रस्त्यात पोट धरून बसले होते. आठवतं ना?

गणपतभाऊ आणि सरलाबाई आपलं बघूनच जोडीने गाडीवर निघाले. अकोल्याची माणसं, जे काय ते मोकळ्या गळ्याने. ते दोघं ट्रेलर जोडायला लागले की वॉचमन खुर्ची घेऊन बसायचे. गणपतभाऊ ओरडणार, ‘डावीकडं म्हंजे कोनाच्या डावीकडं वो?’ आणि सरलाबाई म्हणणार, ‘तुमच्या बापाच्या!’ एकदा त्यांनी रागाने हातातली बॅटरी गणपतभाऊंकडे फेकली, ती ट्रेलरखाली गेली, आणि मग बॅटरी शोधायला बॅटरी नाही म्हणून दोघं आपल्याकडे मागायला आले. चहा पिताना सरलाबाई मला विचारायच्या, ‘तुमचं कसं काय भांडण होत नाही वो बाई?’ मला तेव्हा फार अभिमान वाटायचा. आता वाटतं, भांडत असतो तर बरं झालं असतं. भांडणारी माणसं एकमेकांना विचारतात, तुला दिसतं का नाही म्हणून. मी तुम्हाला ते कधी विचारलंच नाही.

पत्राच्या सुरुवातीला मी तुमचं नाव लिहिलंय, ते बघून तुमचा हात थबकला असेल. मुद्दाम लिहिलं. यार्डात एका वेळी पाच-सहा गाड्या मागे येत असायच्या, सगळीकडे ‘आने दो, आने दो’ आणि ‘बस, बस’. एकदा दुसऱ्याच कुणाच्या ‘बस’ला तुम्ही थांबलात आणि माझ्या ‘बस’ला तिसराच थांबला. तेव्हा तुम्ही म्हणालात, असा शब्द पाहिजे की जो दुसऱ्या कुणी उच्चारला तरी मला तुझाच वाटेल. ‘तू मनं नाव ले.’ माझ्या आईने वडिलांचं नाव कधी तोंडातून काढलं नाही. रेशनच्या दुकानातसुद्धा नाव सांगायला मला पुढे करायची. मी घेतलं ते लग्नातल्या उखाण्यात, तेवढंच. सरलाबाईंनी तर ऐकून कानाला हात लावला, नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं म्हणाल्या. तुम्ही केबिनमधून ओरडलात, ‘भिंतीवर गाडी गेली ते लगेच कमी व्हई, त्यानापेक्षा हाई बरं!’ तेव्हापासून घरात ‘अहो’ आणि ‘मयुरीचे पप्पा’, आणि गाडीमागे, गाडी थांबवायच्या वेळेला, फक्त तेव्हा ‘निंबा!’ इतक्या वर्षांत एकदाही असं झालं नाही की मी नाव घेतलं आणि तुम्ही थांबला नाहीत. म्हणून वर लिहिलं.

तुमच्या डोळ्यांचं मला कधी कळलं, हे तुम्ही विचारणार नाही, पण मी सांगते. मागच्या संक्रांतीला आपण गच्चीवर होतो. सगळं आकाश पतंगांनी भरलेलं, आणि शेजारच्या भूपेंद्रभाईंनी तुमच्या अगदी कानाजवळ फिरकी धरून ‘लो ने, निंबाभाई’ म्हटलं तर तुम्ही दचकलात. त्या दिवशी मी हसले. मग डाव्या हाताशी ठेवलेला चहाचा ग्लास सांडायला लागला. एकदा, दोनदा, मग मी तो न बोलता समोर ठेवायला लागले. मग मयुरी एकदा चिडून घरी आली. उधना तीन रस्त्यावर ती तुमच्या शेजारून गेली, तुम्हाला खेटून, आणि तुम्ही ओळख दिली नाही. ‘मम्मी, पप्पा जोताज नथी, बघतच नाहीत, एटीट्यूड आलाय त्यांना,’ असं म्हणाली. ती कॉलेजच्या मैत्रिणींसमोर होती, तिला अपमान वाटला. मी तिला म्हटलं, विचारात असतील. रात्रभर मात्र मी तेच डोळ्यांसमोर आणत राहिले, की एक बाप आपल्या मुलीच्या शेजारून जातो आणि त्याला ती दिसतच नाही.

आणि गाडीवर तुम्ही मला नवीनच काही सांगायला लागलात. ‘बोलत ऱ्हाय, गप नको बसू.’ पूर्वी तुम्हाला माझा हात पुरायचा. मी एका जागी उभी राहून नुसता पंजा हलवला तरी ट्रेलरचं शेपूट दोरीला बांधल्यासारखं यायचं. मग तुम्हाला आवाज लागायला लागला. मी ‘येऊ द्या, येऊ द्या’ म्हणत राहायची. मला वाटलं, वय झालं, आरसे जुने झालेत. आरसे तर आपण दिवाळीला नवे बसवले होते.

हजिऱ्याच्या गोदामात जे झालं त्याबद्दल आपण दोघं एक शब्दही बोललेलो नाही. मी आता ते लिहिते, मला दिसलं तसं, कारण तुम्हाला ते दिसलेलं नाही. जागा अडचणीची होती. क्लीनर साइडने वळवून मागे घ्यायचं होतं, म्हणून मी डावीकडे, तुमच्या त्या बाजूच्या आरशात मधोमध उभी होते. शेजारच्या फलाटाला गणपतभाऊंचा ट्रेलर लागलेला. मी तुम्हाला ‘येऊ द्या’ म्हणत होते आणि सरलाबाई त्यांच्या चाकामागे, गाडी घसरू नये म्हणून लावलेला लाकडी ओट काढायला दोन गाड्यांच्या मधून आल्या. त्यांना वाटलं, आपला ट्रेलर उभाच आहे. त्या वाकलेल्या होत्या, पाठ आपल्याकडे. मी त्यांच्याकडे धावले. धावताना माझा आवाज बंद झाला. मी आरशातून बाहेर गेले होते, निंबा. मी तुमच्या आरशात कुठेच नव्हते. तुम्ही थांबायला हवं होतं, तिथल्या तिथे. ट्रेलर येतच राहिला, त्याच संथ चालीने, एखादं जनावर झोपेत सरकावं तसा. मी तुमच्या नावाने किंचाळले तेव्हा तो थांबला. सरलाबाई फलाटाच्या रबराला पाठ लावून उभ्या होत्या आणि त्यांची छाती आणि आपला ट्रेलर यांच्यामध्ये मला माझा हात उभा घालता आला नसता.

त्या आधी हसल्या. मग खाली बसल्या आणि त्यांना रडू फुटलं. मी त्यांना पाणी पाजलं तेव्हा माझं मनगट धरून गणपतभाऊंबद्दल म्हणाल्या, ‘यायले नोको सांगजो वो, उद्यापासून मले घरीच बसवतीन.’ एवढं होऊनही त्यांना गाडीवर यायचं आहे. त्यांनी अजून कुणाला सांगितलेलं नाही. पण त्या दिवशी नंतर त्या आपल्या ट्रेलरच्या बाजूने जाताना दर वेळी आधी लांबून नवऱ्याला हाक मारत होत्या, ते कुठे उभे आहेत ते बघत होत्या आणि मग चालत होत्या. मला ते बघवलं नाही.

तुम्ही खाली उतरून आलात. ‘काय व्हयनं?’ विचारलंत. मी तुम्हाला एकच विचारलं, मी आरशात होते का? तुम्ही माझ्याकडे सरळ बघून म्हणालात, ‘व्हती ना. आठेच व्हती.’ इथेच होते म्हणे मी.

मला त्या वेळी तुमचा राग नाही आला. मला तुम्ही फार एकटे वाटलात. किती दिवस तुम्ही असे, माझ्या आवाजाच्या अंदाजाने, दिसत असल्यासारखं दाखवत गाडी आणत असाल? हायवेवर कुणी मोटरसायकलवाला शेजारून आला की काय करत असाल? मी बाजूला बसलेली असायची, तुम्ही मला उगाचच विचारायचात, ‘तिकडून मोकळं शे ना?’ आणि मी सहज सांगायची. मला वाटायचं गप्पा चालल्यात.

त्या संध्याकाळी जेवताना मी तुमच्या डाव्या बाजूला बसले. तुम्ही समोर टीव्ही बघत होतात. मी पाण्याचा ग्लास तुमच्या कानाजवळ धरला आणि हळूहळू पुढे आणत गेले. तुम्हाला कळायला हवा होता तिथे कळला नाही, त्याच्यापुढे आणला तरी नाही. जवळजवळ नाकाच्या रेषेत आला तेव्हा तुम्ही तो बघितलात आणि काय करतेय ते तुमच्या लक्षात आलं. ताट सरकवून उठलात. ‘मना डोया चांगला शेतस. माले समदं दखास.’ मयुरी आतून बाहेर आली तर तिच्यावरही ओरडलात. आणि मी म्हटलं, मग उद्यापासून मी मागे उभी राहणार नाही. माझ्या तोंडून ते निघून गेलं. मला वाटलं होतं तुम्ही विचाराल, का म्हणून? तुम्ही म्हणालात, ‘नको राहू.’

सकाळी तुम्ही घोडा घेऊन कोपऱ्यावर थांबलात आणि नेहमीसारखा दोनदा हॉर्न दिला. मी स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभी होते. डबा भरून तयार होता. थोड्या वेळाने तुम्ही तिसऱ्यांदा हॉर्न दिलात, तो लांब नव्हता, अगदी हलका, जणू चुकून लागला असावा असा. तेव्हा मी चप्पल घातली होती. मयुरी दारात आडवी उभी राहिली. ती म्हणाली, ‘मम्मी, तू गेलीस तर ते उद्याही जातील.’ मग घोडा गेल्याचा आवाज आला.

तुम्हाला हे माहीत नाही, पण मी नंतर रिक्षा करून पार्किंगला गेले. तुम्ही निघून गेला होतात. जिथे आपला ट्रेलर उभा असतो तिथली जमीन बघत मी उभी राहिले. ज्या जोडणीला आपल्याला एकच खेप लागते तिथे चाकांच्या खुणांचं जाळं झालं होतं. तुम्ही मागे आलात, तिरके आलात, पुढे गेलात, परत आलात. एका ठिकाणी चाकं फिरवून फिरवून माती उकरली गेली होती. ट्रेलरच्या पायाखाली मी ठेवते ती फळी चिरून दोन तुकडे झाली होती, म्हणजे ताट पिनेला न लागता ट्रेलरला धडकलं असणार. आणि मधेमधे तुमच्या चपलांचे ठसे. केबिनपासून मागे, मागून केबिनकडे. तुम्ही प्रत्येक वेळी खाली उतरून, जाऊन, वाकून, हाताने चाचपून बघितलं होतं आणि पुन्हा वर चढला होतात. टपरीवाल्या मासी म्हणाल्या, ‘आजे तो भाईने बहु वार लागी, बेन. कोईने बोलाव्या पण नहीं.’ फार वेळ लागला, आणि कुणाला मदतीला बोलावलंसुद्धा नाही. मी फळीचे तुकडे उचलले आणि तिथेच बसले. मी तुम्हाला फोन केला तेव्हा तुम्ही भरूचच्या पुढे होतात. मी विचारलं, पिन बसली का? तुम्ही म्हणालात, ‘बसनी,’ आणि फोन ठेवलात, त्यानंतर माझा उचललाच नाहीत. बाकी कशाला उत्तर दिलं नसतंत तरी याला द्याल, हे मला माहीत होतं.

मयुरीला घेऊन मी उधन्याच्या एका डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आले. तुमचं नाव सांगितलं नाही, एका नातेवाइकाचं म्हणून विचारलं. त्या म्हणाल्या, माणूस बघितल्याशिवाय मी काही सांगणार नाही, पण कडेचं आधी जात असेल आणि समोरचं शाबूत असेल, तर काचबिंदू असू शकतो. जे गेलं ते परत येत नाही. जे उरलंय ते औषधाच्या थेंबांनी राखता येतं, वेळेत आलात तर. मग त्यांनी विचारलं, ते काय काम करतात? मयुरीने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, ट्रेलर चालवतात. डॉक्टरीणबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं.

तुम्हाला वाटत असेल, ही गाडी सोडायला सांगतेय, म्हणजे मला सोडायला सांगतेय. तुम्ही कापडाच्या कारखान्यात लूमवर होतात तेव्हा तुम्ही कसे होतात ते मला आठवतं. कानात कापूस, मान खाली, घरी आलात की भिंतीकडे तोंड करून झोपायचात. तुमच्या धाकट्या भावाला, राघो भावजींना, जेव्हा तुम्ही गाडी शिकवली, तेव्हा तुम्ही किती शिव्या घातल्या त्यांना! ‘राघो गाडी नही चालाडस, म्हैस हाकस,’ असं सगळ्या पार्किंगला सांगत फिरायचात. आज ते कंपनीत ट्रेलर चालवतात, त्यांच्या हाताखाली दोघं शिकतात, तरी आपल्या घोड्याच्या सीटवर तुम्ही त्यांना कधी बसू दिलं नाहीत. दिवाळीला ते नुसतं पूजेसाठी वर चढले तर तुम्ही म्हणालात, नारळ खालूनही फुटतो. धाकट्या भावाची ती गंमत होती, सगळे हसले, तेही हसले. मी मात्र तुमचा हात बघत होते. तो स्टिअरिंगवर होता, आणि तुम्ही ते जितकं घट्ट धरलं होतं तितकं घट्ट तुम्ही घरात कशालाच धरत नाही.

चार दिवस मी काहीच करू शकले नाही. पोळी लाटते आणि मनात सारखं एकच, मुंद्र्याला तुम्ही रिकामे होणार, माल भरणार, कुठल्या तरी गोदामाला मागे घेणार, आणि मागे कोण उभं असणार? कुणी तरी अनोळखी पोरगा, जो हात दाखवेल आणि समजेल की तुम्हाला तो दिसतोय. किंवा कुणी नसेल, आणि कुणाची तरी सरलाबाई वाकलेली असेल. तिला वाचवायला मी तिथे नसेन आणि तिच्या नवऱ्याला तुम्ही काय सांगाल? ‘व्हती ना, आठेच व्हती’? तुम्ही त्यानंतर जगू शकणार नाही. तुम्ही कसे आहात ते मला माहीत आहे. रस्त्यात गाडीखाली कुत्र्याचं पिल्लू आलं तेव्हा तुम्ही दोन दिवस जेवला नव्हतात. काल मी बॅग भरली होती. मुंद्र्याची बस पकडून तुमच्याकडे यायचं आणि मागे उभं राहायचं, एवढंच ठरवलं होतं. मग कळलं की मी आले, तर तुमच्या चेहऱ्यावर बरं वाटेल, तुम्ही काही न बोलता केबिनमध्ये चढाल, आणि मी ‘येऊ द्या, येऊ द्या’ म्हणायला लागेन. माझा आवाज असेल तोवर तुम्ही गाडी सोडणार नाही. म्हणून मी बॅग रिकामी केली आणि राघो भावजींच्या घरी गेले.

हे पत्र तुमच्या हातात देणारे तेच आहेत. आत्ता तुमच्यासमोर उभे असतील, खाली बघत, चपलेने माती उकरत, कारण थोरल्या भावाकडे किल्ली मागायची त्यांची हिंमत नाही. त्यांनी कंपनीत रजा टाकलीय. मी त्यांना सगळं सांगितलं, हजिऱ्याचंही. ते रडले आणि म्हणाले, वहिनी, दादा माले देणार नही. मलाही तसंच वाटतं. तुम्ही म्हणाल, बायकोने भावाला माझ्यावर पाठवलं, म्हणाल, गाडी मनी शे, पत्राची घडी करून खिशात घालाल आणि दार लावून घ्याल. हे सगळं मला इथे बसून ऐकू येतंय. तरी मागते. किल्ली त्यांच्या हातात द्या. म्हशीसारखी हाकली तरी हाकू द्या, वाटेत शिव्या घाला, पण गाडी त्यांना आणू द्या. आणि मी इतकी वर्षं ज्या सीटवर तुमच्या शेजारी बसून आले, तिथे, क्लीनर साइडला, या एकाच खेपेला तुम्ही बसा आणि सुरतेला घरी या.

तुमचीच,
कमल